पाण्यात पाहणं

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणत. ती बायकांचे कपडे शिवायची म्हणून, आणि तिच्या तोंडाला धार होती म्हणून. कुणी ब्लाउज घट्ट झाला म्हणून परत आणला तर ती टेप न लावताच सांगायची, की कापड आटलेलं नाही, तुम्ही वाढला आहात. तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिच्या हातचा कपडा अंगावर बसायचा. आपल्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं. बोथट तर म्हणत नाहीत ना, एवढंच तिचं त्यावर म्हणणं.

तिचा नवरा पोटाच्या कर्करोगाने गेला. चांगला धिप्पाड गडी, पण शेवटी शेवटी पांघरुणाखाली कुणी आहे की नाही अशी शंका यायची. तो दवाखान्यात होता तेव्हा त्याचा धाकटा भाऊ रोज यायचा. हा दीर टेकाडामागच्या मुलाम्याच्या कारखान्यात मुकादम होता. नळ, दारांच्या कड्या, सायकलींची हँडलं, सगळ्याला चकाकी चढवायचा कारखाना. त्याच्या मागच्या गटारातून पिवळंजर्द पाणी वाहायचं, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि सगळे त्याला सरावलेही होते.

एके दिवशी दीर फळांची पिशवी घेऊन आला आणि दवाखान्याच्या बोळात कात्रीने त्याला अडवलं. नर्स होत्या, इतर रोग्यांचे नातेवाईक होते, कारखान्यातलेच दोघे कामगार होते. त्या सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "तुमच्या कारखान्याचं पाणी पिऊन यांची ही गत झाली. भावाचा जीव घेतलात आणि वर विचारपूस करायला येता?"

दिराने पिशवी बाकावर ठेवली आणि तो तसाच मागे फिरला. त्यानंतर तो एकदाच आला, अंत्यविधीला. मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचा संबंध तुटला. दीर तिला पाण्यात पाहायचा आणि ती त्याला.

माणूस गेल्यावर राग तरी हवा ना हाताशी. कात्रीचं तसंच झालं. शिलाईचं मशीन चालवता चालवता ती मनात दिराशी भांडायची आणि रोज जिंकायची. पण मनातल्या भांडणाला साक्षीदार नसतो. एकदा कपडे टाकायला आलेल्या एका मास्तरीणबाईंनी सहज सांगितलं, की मुलाम्याच्या कामात क्रोमियम नावाचा धातू वापरतात, त्याचा एक प्रकार पाण्यात उतरला आणि वर्षानुवर्षं पोटात गेला तर कर्करोग होऊ शकतो, आणि पाणी तपासून ते कळतं. कात्रीने सुई तिथेच कापडात टोचून ठेवली. असं तपासतात कुठे, एवढंच तिने विचारलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोगशाळा होती. एका इमारतीच्या तळमजल्यावर, पांढऱ्या फरशीची, औषधांच्या वासाची. तिथली तपासणीबाई पन्नाशीची होती, चष्मा कपाळावर, आणि चेहरा असा की समोरच्याने आधीच काहीतरी बिघडवून ठेवलंय. कात्री बोलायला लागली, नवरा, दीर, कारखाना, सगळं. बाईंनी तिला मध्येच थांबवलं.

"हे बघा, इथे रोज कुणी ना कुणी शेजाऱ्याचं पाणी घेऊन येतं. कुणाला शेजारी वाईट ठरवायचा असतो, कुणाला सासू. मला फक्त पाणी कळतं."

मग त्यांनी बाटल्या काढून दिल्या आणि नियम सांगितले. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, मग बाटली भरायची, बोट आत जाऊ द्यायचं नाही, वर घराची खूण लिहायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी आणून द्यायची. शिवाय एकाच घराचं नको. खालच्या गल्लीतली काही आणि टेकाडावरची काही, अशी आणा, म्हणजे तुलना होईल. टेकाडावरच्या घरांना मोठ्या नळवाहिनीचं पाणी चढत नसे. तिथे बोअरचं पाणी टाकीत भरून नळांना सोडलेलं होतं. दीर तिथेच राहायचा.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी कात्री बाटल्या घेऊन निघाली. पहिलं दार तिने वाजवलं ते समोरच्या किराणावाल्याचं. त्याने कारण ऐकलं आणि तो दारातच हात आडवा लावून उभा राहिला. त्याने घर विकायला काढलं होतं. "पाण्यात काही निघालं तर घराला गिऱ्हाईक तुम्ही आणणार का," असं त्याने विचारलं. आणि काही निघालं नाही तर, असं तिने विचारलं. तर लोक म्हणतील तपासायची वेळ का आली, असं म्हणून त्याने दार लावलं. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याने बाटली भरून दिली, पण कारखान्याचं नाव निघताच परत मागितली. त्याचा जावई तिथे कामाला होता. तिने दिली नाही. तिसऱ्या घरातल्या बाईने पाणी दिलं, आणि कात्री जिना उतरत असताना वरून शेजारणीला सांगितलं, की नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. ऐकू जाईल इतक्या मोठ्यानेच सांगितलं.

अशा शिव्याशाप खात तिने खालच्या गल्लीतल्या बाटल्या जमवल्या. स्वतःच्या नळाची सगळ्यात आधी भरली होती. मग ती टेकाड चढली.

वरच्या गल्लीत तिला बघताच बायका आत गेल्या. दोघी-तिघींनी मात्र बाटल्या भरून दिल्या, त्यातल्या एकीला पोटाचा जुना त्रास होता. शेवटी ती दिराच्या घरापाशी आली. अंगणात नळ होता. दाराला कडी होती, घरात कुणी दिसत नव्हतं. विचारायचं तर कुणाला? आणि विचारलं असतं तर त्याने दिलं असतं का? तिने जाळी काढली, पाणी सोडलं आणि वाहत्या धारेकडे बघत उभी राहिली. स्वच्छ पाणी. त्यात तिला स्वतःची बोटं दिसत होती.

बाटली भरून झाकण लावते तोच फाटक वाजलं. दीर, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी बाजारातून परत आली होती. मुलगी काकू म्हणून पुढे आली. तिच्या आईने दंडाला धरून तिला मागे घेतलं.

"कुणाला विचारून घेतलंत?" दीर म्हणाला.

"नळाला," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. बाटली द्या, असं तो शांतपणे म्हणाला. ती देत नाही असं बघून तो एक पाऊल पुढे आला. तिनेही बाटली छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली. वहिनीच्या अंगाला हात लावायचा तर सगळी गल्ली बघत होती. तो थांबला. मग तो म्हणाला, की तुम्हाला हवं ते तुम्ही त्यात घालाल आणि माझ्या नावावर बिल फाडाल, हे मला आधीच माहीत आहे. ती फाटकाबाहेर पडली. मागून कुणीतरी एक ढेकूळ फेकलं. ते तिच्या पायाशी पडलं. कुणी फेकलं ते तिने वळून पाहिलं नाही.

प्रयोगशाळेत तिने हट्टच धरला, की माझ्यासमोर तपासा. असं करता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. ती हलेना. शेवटी रंग येतो का ते बघा आणि जा, नेमका आकडा यंत्रावर नंतर निघेल, असं म्हणून बाईंनी तिला काचेपलीकडच्या स्टुलावर बसवलं.

काचेच्या नळ्या ओळीने लागल्या. बाईंनी प्रत्येकीत थोडं थोडं पाणी घेतलं, त्यात थेंब थेंब आम्ल टाकलं आणि मग आणखी एक द्रावण. क्रोमियमचा तो घातक प्रकार असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं, असं त्यांनी सांगितलं.

कात्रीचं लक्ष स्वतःच्या नळीवर होतं. तिला तो रंग हवा होता. आपल्या घरातल्या पाण्यात विष निघावं म्हणून ती जीव मुठीत धरून बसली होती. पण नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं. खालच्या गल्लीतली एकही नळी बदलली नाही.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"तुमच्या नळाला पहिल्यापासून मोठ्या वाहिनीचंच पाणी आहे का?" बाईंनी विचारलं. पहिल्यापासून, असं तिने सांगितलं. लग्न होऊन ती आली तेव्हापासून, आणि नवरा तर जन्मल्यापासून त्याच घरात राहिला होता. टेकाडावरचं घर दिराने लग्नानंतर बांधलं होतं.

"मग माझा नवरा कशाने गेला?"

"ते बाटलीतून कळत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "या पाण्याने गेला असं मात्र मी म्हणू शकत नाही."

तेवढ्यात वरच्या गल्लीच्या नळ्यांना रंग चढायला लागला. पहिल्या दोन फिक्या गुलाबी. तिसरी त्याहून गडद. शेवटची तर अशी जांभळी झाली, की बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे कुणाचं घर आहे, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या दिराचं."

खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी तिला आनंद झाला. बरी अद्दल घडली, असं पोटातून वर आलं. मग पाठोपाठ तिला काकू म्हणून पुढे आलेली मुलगी आठवली आणि तो आनंद तिच्या तोंडात कडू झाला. घरात लहान मूल आहे, असं ती म्हणाली. मग आजच सांगा त्यांना, बाई म्हणाल्या, ते पाणी प्यायचं नाही, त्यात स्वयंपाक करायचा नाही, आणि उकळून काही उपयोग नाही. धातू उकळून जात नसतो. मी माझ्याकडून पाणीखात्याला कळवणारच आहे, पण खातं हलेपर्यंत लोक पीतच राहतील.

ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली, त्याच्याच दारात संध्याकाळी ती जाऊन उभी राहिली. दीर उंबऱ्यात आला. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपल्या गल्लीचं पाणी चांगलं निघालं हेही सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि तो हसला. "म्हणजे तुमच्या नळाचं अमृत आणि माझ्या नळाचं विष. बरं जमवून आणलंत."

"भाऊजी, माझं काही ऐकू नका. पोरीला ते पाणी देऊ नका, एवढंच ऐका."

"माझ्या पोरीचं मला कळतं. तुमच्या तोंडून तिचं नावही नको."

दार लागलं. आतून जावेचा आवाज आला, काहीतरी विचारत होती, आणि त्याचा, गप्प बस म्हणणारा. कात्री टेकाड उतरली. शिव्या देणारी ती आणि ऐकून घेणारे लोक, हा व्यवहार तिला माहीत होता. खरं सांगायला जावं आणि समोरच्याने तेही शिवीच समजावं, हे नवीन होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक घर कारखान्यावर चालत होतं. दुसऱ्या दिवसापासून बायका एकेक करून आल्या आणि शिवायला टाकलेली कापडं न शिवताच परत घेऊन गेल्या. एकीने तर अर्धवट शिवलेला झगा तसाच उचलला, एक बाही लटकत होती. किराणावाल्याने तिला सामान द्यायचं बंद केलं. तिच्या दारावरच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. तिने ते रॉकेलने घासून काढायचा प्रयत्न केला, तर डांबराबरोबर अक्षरंही गेली.

अशातच एका दुपारी दार वाजलं. जाऊ उभी होती. दोन्ही हातांत रिकामे कॅन, डोक्यावरून पदर ओढून घेतलेला, कुणी ओळखू नये म्हणून. कात्रीने बाजूला होऊन तिला आत घेतलं आणि बसायला खुर्ची पुढे केली.

"मी तुमच्याशी बोलायला नाही आले," जाऊ म्हणाली. "पाणी भरायला आलेय."

ती सरळ मोरीत गेली आणि कॅन नळाखाली लावला. पाणी भरेपर्यंत दोघी दोन भिंतींकडे बघत उभ्या होत्या. दुसरा कॅन भरत आला तेव्हा जाऊ म्हणाली, की त्यांना सांगितलंय, बहिणीकडून आणते. त्यांना कळता कामा नये. कात्रीने मान हलवली. मग जाऊ मागे वळली आणि तिच्याकडे रोखून बघत म्हणाली, "भावाचा जीव घेतला म्हणालात ना त्यांना. महिनोन्महिने झोपेतून दचकून उठायचे. मी विसरणार नाही ते."

कात्रीने कॅनचं झाकण पुढे केलं.

जाऊ रोज येऊ लागली. यायची, भरायची, जायची. कधी कात्री कॅन उचलायला हात लावायची, तर जाऊ तो हात बाजूला सारायची. पोरीला डॉक्टरकडे नेलं का, असं कात्रीने एकदा विचारलं. नेलं, आत्ता तरी काही नाही, पण वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, इतकंच जाऊ म्हणाली आणि निघून गेली.

मग पाणीखात्याची माणसं आली. त्यांनी स्वतः पाणी नेऊन तपासलं, आणि बोअरला टाळं ठोकलं. कारखान्याच्या मागची जमीन खणली तेव्हा गटाराखाली एक खड्डा निघाला. मुलाम्याच्या हौदाचं वापरलेलं पाणी मालक परस्पर त्यात सोडत होता, आणि ते जमिनीतून झिरपत बोअरला मिळत होतं. काम बंद करायचा हुकूम आला. लोकांच्या घरात एकदम पाणीही नाही आणि कामही नाही. टँकर येईल असं खातं म्हणालं, पण टँकर येईना. आणि सगळ्यांचं बोट कात्रीकडे.

टँकरची वाट बघण्याच्या त्या दिवसांत एका सकाळी दार वाजलं आणि दारात दीरच उभा. हातात कॅन. जाऊ तापाने पडली होती, आणि बहिणीकडून म्हणजे कुणाकडून ते तिने तापात सांगून टाकलं होतं. त्याची दाढी वाढलेली होती. तो आत आला, मोरीत वाकला आणि नळ सोडला. वाहत्या पाण्याकडे बघतच त्याने विचारलं, "दादा हेच पाणी प्यायचा ना?"

"हेच."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. भाऊजी, ते तुमच्या कारखान्याने गेले नाहीत. मी म्हणाले ते खरं नव्हतं."

कॅन भरून वाहायला लागला तरी त्याने नळ बंद केला नाही. तिनेच केला.

"ते तुम्ही चारचौघांत बोललात," तो म्हणाला. "माझ्या हाताखालची माणसं उभी होती तिथे. आणि हे इथे सांगताय, मोरीत."

त्याने कॅन उचलला आणि तो गेला. ती दिवसभर मशीनसमोर बसून राहिली. शिवायला काही नव्हतंच.

पहिला टँकर आला त्या दिवशी ती टेकाड चढली. सगळी वरची गल्ली रांगेत होती. बादल्या, हंडे, पिंप, आणि इतके दिवस पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसांची तोंडं. तिला पाहून रांगेत कुजबुज झाली. एकाने विचारलं, आता आणखी काय बंद करायला आलात. दीर टँकरपाशी उभा राहून नळी धरत होता. बाजूला त्याचे जुने कामगार होते.

ती त्या सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "दवाखान्यात मी यांना म्हणाले होते, की भावाचा जीव घेतलात," ती म्हणाली. मग ती कामगारांकडे वळली. "ते खोटं होतं. माझ्या घरच्या पाण्यात काही नव्हतं. माझा नवरा कशाने गेला ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मला कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं, मी यांचं घेतलं. पण तुमच्या नळाला येत होतं ते विषच होतं. तेही खरं आहे. ते मी परत घेणार नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, झालं असेल भाषण तर रांग सोडा. दोघे-तिघे हसले. पोटाचा त्रास असलेली बाई तेवढी तिच्याकडे बघत राहिली.

दिराने मान वर केली नव्हती. त्याच्या हातातली नळी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात गेली. त्याचा जबडा मात्र घट्ट आवळला गेला होता आणि कान लालबुंद झाले होते. त्याचा एक कामगार त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला, त्यावर त्याने नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

जाऊ रांगेत पुढे आली. तापातून नुकतीच उठलेली, चेहरा उतरलेला. तिने हंडा खाली ठेवला आणि कात्रीला म्हणाली, "बाजूला व्हा, नळी ओढायचीय."

कात्री बाजूला झाली. हंडा भरला तेव्हा तो जावेला एकटीला उचलवेना. कात्रीने दुसरी कड धरली. या वेळी जावेने तिचा हात सारला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. दोघींनी हंडा फाटकापर्यंत नेला. तिथे जावेने तो आपल्याकडे ओढून घेतला, आत गेली आणि फाटक लावून घेतलं.